सलाईन बॅगेच्या तळाशी

आमच्या कारंज्यात कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे लग्न ठरायच्या वयातल्या मुलींची हौस, हा समज अजून पक्का आहे. पन्नाशीकडे झुकलेला कृषी सेवा केंद्राचा मालक लेन्स घालतो म्हटल्यावर ऐकणारा आधी हसतो, मग माझ्या सुटलेल्या पोटाकडे बघतो. म्हणून मी सांगायचंच सोडून दिलं होतं. दुकानात कीटकनाशकाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचायची वेळ आली की पोऱ्याला म्हणायचो, "वाच रे जरा, माझे हात भरलेत."

मला केराटोकोनस आहे. डोळ्यापुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, पातळ होत जाते आणि शंकूसारखी पुढे येते. रात्री एका दिव्याचे चार दिवे दिसतात, आणि चारीला शेपट्या. बिघाड नुसत्या नंबराचा नसून काचेच्या आकाराचा, त्यामुळे दुखणं वाढलं की चष्म्याने फारसं भागत नाही. लहानपणी घरामागे जिनिंग होतं. सरकीची धूळ डोळ्यांत जायची आणि मी डोळे खसाखसा चोळायचो. त्या चोळण्याचा या दुखण्याशी संबंध आहे हे फार उशिरा कळलं. मी काही एकटा नाही. नागपूरकडच्या खेड्यांत तिशीपुढच्या साडेचार हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले आणि 2009 साली त्याचे आकडे आले. कॉर्नियाच्या वक्रतेच्या मापावरून शंभरात दोघांहून जास्त जण यात निघाले. आपल्या विदर्भातली किती माणसं नुसतं "नजर अधू आहे" म्हणून आयुष्य काढत असतील, देव जाणे.

माझ्या लेन्स स्क्लेरल. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकतात, कॉर्नियाला शिवत नाहीत, आणि मधल्या पोकळीत सलाईन भरलेलं असतं. कल्पना नवी नाही. 1888 साली झुरिकच्या अडोल्फ फिकने काचेच्या लेन्सवर निबंध लिहिला, त्याही अशाच मोठ्या होत्या आणि त्यांच्याखाली तो द्राक्षसाखरेचं पाणी भरायचा. घालायची रीत मात्र बघणाऱ्याला चमत्कारिक वाटते. रबरी प्लंजरवर लेन्स उताणी ठेवायची, वाटी काठोकाठ भरायची, मान जमिनीला समांतर होईल इतकी वाकवायची आणि डोळाच खाली नेऊन त्या पाण्यात टेकवायचा. बुडबुडा राहिला तर सगळं पहिल्यापासून. काढायला आणखी एक छोटा प्लंजर. हे सगळं मी घरात दार लावून करत असे.

न्यू जर्सीच्या भाच्याने बोलावलं तेव्हा सामानाची यादी बायकोने केली. जवसाची चटणी, कुरड्या, तिखट. सलाईनच्या बाटल्या मी स्वतः भरल्या, मोठ्या बॅगेत अगदी तळाशी, टॉवेलमध्ये गुंडाळून. ती म्हणाली, "अहो, एखादी तरी हातातल्या पिशवीत राहू द्या ना, लागली तं?" मला ते नको होतं. सलाईनची बाटली हातात दिसली की माणूस आजारी वाटतो, आणि आजारी माणसाला अमेरिकेत घेतात की नाही, अशी धास्ती मनात. शिवाय 100 मिलीच्या वरचं पातळ काही विमानात नेता येत नाही, एवढं ऐकलेलं. 2006 च्या ऑगस्टात लंडनला विमानं उडवायचा कट उघडकीला आला तेव्हापासूनचा हा नियम. औषधी द्रवाला त्यात सवलत असते, डॉक्टरची चिठ्ठी दाखवून आधी सांगावं लागतं, हे मी कुणाला विचारलंच नाही. विचारलं असतं तर कशासाठी तेही सांगावं लागलं असतं. प्रवासविम्याच्या अर्जात 'आधीचा काही आजार?' या रकान्यात बिनदिक्कत 'नाही' लिहिलं. हातातल्या पिशवीत गुरुमंदिराचा प्रसाद, लेन्सची रिकामी डबी आणि काढायचा प्लंजर. जुना चष्माही बॅगेतच.

संध्याकाळी घरी लेन्स घातल्या, समृद्धी महामार्गावरून नागपूर गाठलं, तिथून दोहा. विमानातली हवा किती कोरडी असते याची मला कल्पना नव्हती. बाहेरची हवा उंचीवर जवळजवळ सुकीच असते, त्यामुळे आतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. आमच्या मे महिन्यातल्या दुपारसारखीच ती, फक्त थंड, म्हणून जाणवत नाही. स्क्लेरल लेन्स अधूनमधून काढून आतलं सलाईन बदलावं लागतं, नाही तर ते गढूळ होतं. दोह्याहून पुढच्या विमानात समोरचा पडदा दुधाळ दिसायला लागला आणि डोळ्यांत खुपायला लागलं. संडासात जाऊन लेन्स काढल्या, कोरड्याच डबीत ठेवल्या. आता अटलांटिकवर मी, आणि माझी नजर बॅगेत.

हवाई सुंदरीला सांगितलं असतं तर उतरल्यावर हाताला धरून नेणारा माणूस मिळाला असता. अंधुक दिसणाऱ्यांसाठी विमान कंपन्या ही सोय करतातच. पण मला काय झालंय, असं म्हणत मी गर्दीमागे चालू लागलो आणि अमेरिकन नागरिकांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. एका गुजराती बाईंनी दंडाला धरून बाहेर काढलं. पुढे फोटो होता, प्रश्नोत्तरं होती. आपण चाचपडतो आहोत हे अधिकाऱ्याला दिसलं तर परत पाठवतील, या भीतीने मी ते केलं, जे आता लिहितानाही अंगावर येतं. पिण्याच्या पाण्याची सीलबंद बाटली विकत घेतलेली होती. प्रसाधनगृहात जाऊन ते पाणी लेन्समध्ये भरलं आणि लेन्स बोटांवर धरून घातल्या. पिण्यासारखं पाणी आहे, डोळ्याला काय होणार?

व्हायचं ते झालं. साध्या पाण्यात मीठ नसतं, म्हणून ते कॉर्नियात शिरतं आणि कॉर्निया सुजते. चरचर अशी की मिरची लागावी. आणि पिण्याचं शुद्ध पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. नळात, टाकीत, विहिरीत, मातीत अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असतो. तो कवच करून बसला की क्लोरीनलाही दाद देत नाही. लेन्सखाली शिरला तर महिनोन् महिने औषधं घालावी लागतात आणि नजर जाऊही शकते. लेन्स आणि पाणी यांची गाठ पडू द्यायची नाही, हे मला लेन्स देतानाच बजावलं होतं. मी तेव्हा मान डोलावली होती.

त्यात मोठी बॅग आलीच नाही, मागून येणार म्हणाले. भाच्याच्या घरी डोळा लाल झाला तर मी म्हणालो, जागरण. तो बिचारा दुकानातून सलाईन घेऊन आला, पण ते लेन्स विसळायचं, परिरक्षक घातलेलं. नुसतं विसळायला चालतं, भरायला नाही, कारण स्क्लेरलखालचं पाणी दिवसभर तिथेच कोंडलेलं असतं आणि ते रसायन कॉर्नियाला चिकटून राहतं. हे मला माहीत होतं, तरी तो आणायला गेला तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही. सकाळी डोळा उघडेना तेव्हा त्याने उचलून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर बाई शांत होत्या. कॉर्नियाचं वरचं कातडं खरवडलं गेलं होतं आणि संसर्गाला सुरुवात झाली होती. अमीबा नव्हता. डोळ्यात काय घातलं, असं त्यांनी विचारलं, भाच्याने मराठीत विचारलं, आणि मी भाच्याला खोटं सांगितलं. त्याने तेच इंग्रजीत सांगितलं. दुसऱ्या भेटीत मग खरं बोललो, कारण उपचार त्यावर अवलंबून होता. गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "मामा, दिसत नव्हतं तं बोलले काऊन नाही?" विम्यात 'नाही' लिहून ठेवलेलं, त्यामुळे पैसे मागायला तोंड नव्हतं. बिल त्याने भरलं. लेन्स बंद म्हणून नायगारा मी कानांनी पाहिला.

एक लेन्स कोरडी पडली होती तेव्हाच तिला चरा गेला असावा, तीही बाद झाली. तिथे नवी मिळायला तिथल्या परवानाधारकाची चिठ्ठी लागते आणि स्क्लेरल तर नव्याने मापं घेऊन बसवावी लागते. माझ्या लेन्सची मापं, वक्रता, व्यास, नंबर, कारंज्याला कपाटात फाईलमध्ये होती.

पुढच्या खेपेला मापांचा कागद खिशात होता, जादा लेन्सची जोडी पिशवीत, चष्मा गळ्यात. एकदा वापरून टाकायच्या बिनपरिरक्षकाच्या सलाईनच्या छोट्या कुप्या पारदर्शक थैलीत, वर डॉक्टरचं पत्र. नागपूरला तपासणीत जवानाने थैलीतून प्लंजर उचलला आणि उजेडात धरला.

"ये क्या है?"

"आँख से लेन्स निकालने का."

"आँख निकालते हो?"

मागे मोठी रांग होती. मी पत्र दाखवलं, ते त्याने वाचलं नाही. मग तिथेच वाकून उजव्या डोळ्यातली लेन्स काढून दाखवली. मागचा एक जण म्हणाला, "बापा, हे तं भिंग हाय!" त्याच्या पोरीलाही असंच भिंग सांगितलंय म्हणाला, अमरावतीला दाखवतात. केवढ्याला पडतं, दुखतं का, शाळेत घालून जाता येतं का, असं सगळं त्याने विचारलं. लेन्स परत घालायला मला स्वच्छ टेबल हवं होतं. जवानाने स्वतःचं टेबल रिकामं करून दिलं, आणि मी तिथेच कुपी फोडून वाटी भरली.