चाकांची अंघोळ

कॅरम खेळता ना? मग सांगा पाहू, खेळ सुरू करण्याआधी बोर्डावर पावडर का टाकतात?

'सोंगट्या छान पळाव्यात म्हणून!' अगदी बरोबर. पावडरीचे बारीक कण सोंगटी आणि लाकूड यांच्यामध्ये शिरतात. मग सोंगटी लाकडाला धड टेकतच नाही, कणांवरून सुळसुळत जाते. स्ट्रायकरचा जरासा धक्का लागला की थेट भोकात!

आता अशी कल्पना करा, की त्या सोंगटीच्या जागी तुम्ही स्वतः आहात. पायांत इनलाइन स्केट, म्हणजे प्रत्येक पायाला एकामागे एक अशी चार चाकं. हातात हॉकीची काठी. समोरून दुसऱ्या संघाचा खेळाडू येतोय, त्याला चकवायला तुम्ही झटकन डावीकडे वळता... आणि रिंकवर कुणीतरी पावडर टाकून ठेवलेली! पुढचं सांगायला नकोच. कोपर आणि कठडा यांची गाठ पडलीच म्हणून समजा.

ही पावडर टाकायला कुणी मुद्दाम येत नाही बरं का. आपली धूळ ते काम फुकटात करते. आणि ती नुसती रिंकवर नसते, तुमच्या चाकांना चिकटून तुमच्याबरोबरच फिरत असते.

मी काही स्केटिंगचा प्रशिक्षक नाही. आयुष्यात कधी स्केट पायात घातले नाहीत, आणि आता या वयात घालायला गेलो तर घरचे मला खोलीत कोंडून ठेवतील. पण भोसरीच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं फिटर होतो. चाकं, बेअरिंग, घर्षण हे माझे रोजचे सोबती. त्यात माझी भाची इनलाइन हॉकी खेळते. त्यामुळे हा विषय आपोआपच माझ्या गळ्यात आला.

इनलाइन हॉकी हे आइस हॉकीचं धाकटं भावंड. एका बाजूला चार खेळाडू आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी बहुतेक ठिकाणी चपटी चकती. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळीच्या तळी गोठतात आणि पोरं त्यावर हॉकी खेळतात. पण उन्हाळ्यात बर्फ वितळला की करायचं काय? १९८०च्या सुमाराला तिथल्या स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या हॉकीवेड्या भावांना जुन्या सामानाच्या दुकानात एक स्केट सापडला. त्याची चाकं एका ओळीत होती. त्यांनी त्यात सुधारणा केल्या, तसे स्केट बनवायला सुरुवात केली, आणि त्यातून रोलरब्लेड ही कंपनी उभी राहिली. पुढे १९९६मध्ये त्याच मिनेसोटात आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने इनलाइन हॉकीची आपली पहिली जागतिक स्पर्धा भरवली.

(एका ओळीत चाकं लावायची कल्पना मात्र खूप जुनी, अठराव्या शतकातली. लंडनमधला जोसेफ मर्लिन नावाचा कारागीर चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवत एका मेजवानीत शिरला आणि थांबता न आल्यामुळे भल्यामोठ्या आरशावर जाऊन आदळला, असं सांगतात. आरसाही फुटला आणि व्हायोलिनही!)

आता जरा नीट लक्ष द्या. बर्फावरच्या स्केटला पोलादी पातं असतं. त्या पात्याच्या तळाला बारीक पन्हळ असते, म्हणून त्याला दोन धारदार कडा येतात. वळताना खेळाडू कलला, की कड बर्फात रुतते. म्हणजे बर्फावरची पकड ही कापण्याची पकड आहे. चाकाला कुठली आलीय कड? ते सिमेंटमध्ये रुतणार कसं? चाकाकडे एकच गोष्ट असते, त्याचं मऊ अंग. ही चाकं पॉलियुरेथेन नावाच्या रबरासारख्या प्लास्टिकची असतात. पूर्वी स्केटना लाकडाची, लोखंडाची चाकं असत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकन तरुणाने पॉलियुरेथेनची चाकं स्केटबोर्डला लावली आणि सगळं चित्रच पालटलं. जमीन दिसायला गुळगुळीत असली, तरी तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे नि खळगे असतात. वजन पडलं की हे मऊ पॉलियुरेथेन त्या खळग्यांत किंचित दबतं आणि धरून ठेवतं.

आणि धरतं तरी केवढ्याशा जागेत! एका चाकाचा जमिनीला टेकणारा भाग जेमतेम तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा. जोरात वळताना बहुतेक वजन एकाच पायावर येतं. म्हणजे तुमचं तीस-चाळीस किलोंचं धूड चार नखांएवढ्या जागेवर तोललेलं असतं. त्या चार नखांखाली धुळीचा थर आला, तर खळगे आधीच भरलेले. चाक दबणार कुठं, धरणार कशाला?

हे सगळं माझ्या डोक्यात घोळायला लागलं ते २०२५च्या मार्चमध्ये. भाची तेव्हा तेरा वर्षांची होती. वळणावर ती सारखी घसरायला लागली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा मनगटावर पडली. हाड मोडलं नाही, पण दोन आठवडे हात गळ्यात अडकवून फिरत होती. खेळाच्या सामानाच्या एका दुकानात चाकं दाखवली, तर दुकानदाराने लांबूनच बघून सांगितलं, "गेली सगळी. आठही नवीन टाका." आठ चाकं म्हणजे काही हजार रुपये! माझी बहीण पोळी-भाजीचे डबे करते. तिने रात्री हिशेबाची वही काढली, बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "खो-खो खेळ. त्याला चाकं लागत नाहीत." भाची काही बोलली नाही. तिने स्केट पिशवीत घातले आणि पिशवी माळ्यावर टाकली. जिल्ह्याच्या निवड चाचणीला पाच आठवडे उरले होते.

मला हे कळलं ते रविवारी. मी म्हटलं, "पिशवी खाली काढ पाहू."

फिटरला 'गेलं' असं म्हणून चालत नाही, मोजावं लागतं. चाकाच्या अंगावर ७६ हा आकडा छापलेला होता, म्हणजे नवं असताना व्यास ७६ मिलिमीटर. माझ्या व्हर्निअरने मी आठही चाकं मोजली. सगळी ७३ ते ७४च्या दरम्यान भरली. म्हणजे चाकं झिजली होती खरी, पण संपली मुळीच नव्हती. मग केली अंगठ्याची परीक्षा. ही तुम्हीही आत्ता करू शकता. चाक एका हाताने घट्ट धरायचं आणि अंगठा दाबून त्याच्यावरून ओढायचा. स्वच्छ चाक अंगठ्याला अडवतं, कधीकधी 'चूंऽई' असा आवाजही करतं. भाचीच्या चाकावरून माझा अंगठा लोण्यावरून गेल्यासारखा गेला आणि करडा होऊन बाहेर आला.

"ताई," मी म्हटलं, "तुझी चाकं गेली नाहीत. त्यांनी अंघोळ केलेली नाही!"

मग आम्ही मामा-भाची मोरीत बसलो. कसं केलं ते सांगतो. ॲलन कीने ॲक्सल सोडवायचे आणि चाकं काढायची. काढताना ओळीने वर्तमानपत्रावर मांडायची, नाहीतर कुठलं चाक कुठलं ते कळणार नाही. प्रत्येक चाकात दोन्ही बाजूंनी एकेक बेअरिंग आणि मधे एक छोटी नळी, म्हणजे स्पेसर असतो. बेअरिंग हलक्या हाताने ढकलून बाहेर काढायचे. हे महत्त्वाचं. बेअरिंगला पाणी लागलं की आतल्या गोळ्या गंजतात आणि मग चाक फिरताना कुरकुरतं. हे बेअरिंग ६०८ नंबरचे. बाहेरून २२ मिलिमीटर, आतून ८, जाडी ७. कारखान्यात लहान मोटरींत मी असे शेकडो बसवलेत. ते हातात आल्यावर मला जुना मित्र भेटल्यासारखं झालं! बेअरिंग साफ करणं हा वेगळा धडा आहे, आणि तो घरातल्या मोठ्या माणसाबरोबरच करायचा.

नुसती चाकं उरली की कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना टूथब्रश. सगळीकडून घासायचं, पण जास्त जोर जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यावर. साबण पुरता निघेपर्यंत धुवायचं, कारण साबणाचा थर राहिला तर धूळ परवडली अशी गत होईल. मग सुती फडक्याने पुसून सावलीत वाळवायचं. पहिल्या टबातलं पाणी बघून माझी बहीण म्हणाली, "एवढी माती तर माझ्या कुंडीत नाही!"

काही मुलं शॉर्टकट शोधतात. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. पॉलियुरेथेन त्याने फुगू शकतं, खराब होतं. शिवाय आगीची भीती वेगळीच. दुसरी युक्ती चाकांना साखरेचं पाणी किंवा कोल्ड्रिंक लावायची. हे दहा-पंधरा मिनिटं चिकटतं खरं, पण पुढे तीच साखर रिंकवरची सगळी धूळ गोळा करते. आणि मुंग्या येतात त्या वेगळ्याच.

परत बसवताना आम्ही आणखी एक गोष्ट केली. ढकला देताना पाय नेहमी आतल्या कडेवर येतो, त्यामुळे चाकं आतल्या बाजूने जास्त झिजतात. म्हणून पहिलं चाक तिसऱ्या जागी, दुसरं चौथ्या जागी आणि तिसरं-चौथं पुढे. शिवाय प्रत्येक चाक उलटं, म्हणजे आतली बाजू बाहेर. हॉकीच्या काही स्केटना पुढची दोन चाकं लहान आणि मागची दोन मोठी असतात. तुमची तशी असतील तर लहानांची लहानांशी आणि मोठ्यांची मोठ्यांशीच अदलाबदल करा. ॲक्सल आवळताना भीमाची ताकद दाखवू नका. चाक बोटाने फिरवल्यावर मोकळं फिरलं पाहिजे आणि डावं-उजवं डुगडुगता कामा नये.

मनगट बरं झाल्यावर, एप्रिलच्या पहिल्या शनिवारी भाची रिंकवर उतरली. तिची आई कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती, जणू तीच पडणार होती! पहिली दोन वळणं भाचीने घाबरत घेतली. तिसऱ्या वळणाला ती पार कलली, आणि चाकं जमिनीला धरून राहिली. चौथ्या वळणाला ती हसत होती. जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली, राखीव खेळाडू म्हणून. प्रत्यक्ष खेळायला मिळाली सात मिनिटं. त्या सात मिनिटांचं वर्णन आम्ही अजून ऐकतो आहोत.

अशी मोठी अंघोळ रोज नको. दोन-तीन आठवड्यांनी पुरे, उन्हाळ्यात जरा आधी. पण खेळायला उतरण्यापूर्वी ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं चाकांवरून फिरवायचं आणि मग कोरड्याने पुसायचं. पाच मिनिटांचं काम. बास्केटबॉलचे खेळाडू खेळ थांबला की बुटांचे तळ हाताने पुसताना तुम्ही पाहिलेत ना? तेच हे. आणि घरापासून रिंकपर्यंत रस्त्याने स्केटिंग करत जाऊ नका. रहदारीची भीती आहेच, पण डांबरावरची खडी मऊ चाकांना खाते आणि रस्त्यावरचं तेल चाकांबरोबर रिंकवर येतं.

चाकावर ७६, ८४ असा आकडा आणि पुढे इंग्रजी ए हे अक्षरही असतं. तो कडकपणाचा आकडा. घरातल्या, गुळगुळीत रिंकसाठी साधारण ७२ ते ७८ची मऊ चाकं, उघड्यावरच्या खरबरीत सिमेंटसाठी ८२ ते ८५ची कडक. मऊ चाक पकडतं छान, पण धूळही जास्त उचलते ते तेच. नवी कोरी चाकं सुरुवातीला थोडी घसरतात, कारण त्यांच्यावर साच्यातली चकाकी असते. खरबरीत जमिनीवर चार फेऱ्या मारल्या की ती जाते. पण चाकं जुनी होऊन दगडासारखी टणक झाली असतील, किंवा त्यांच्या कपच्या निघाल्या असतील, तर धुऊन उपयोग नाही. तेव्हा मात्र आई-बाबांना सांगायलाच हवं. आणि रिंक ओली असली, तर जगातलं कुठलंही चाक धरणार नाही. त्या दिवशी घरी कॅरम!

रिंकवरच्या धुळीचं काय, हा प्रश्न उरतोच. चाकं कितीही घासली आणि खाली बोटभर माती असली, तर दहा मिनिटांत पहिले पाढे पंचावन्न. भाचीच्या रिंकवर झाडायचं कुणी यावरून महिनाभर नुसती टोलवाटोलवी चालली होती. शेवटी मुलांनीच दोन रुंद झाडू आणले. आता वीस मिनिटं आधी येऊन सहाजण एका रांगेत झाडत जातात. कोण किती वेगाने झाडतो याची त्यांनी शर्यतच केली आहे, आणि तिचे नियम हॉकीपेक्षा किचकट आहेत.

आणि हो, चाकांचा टूथब्रश वेगळा ठेवा. त्याच्यावर रंगाची खूण करा. भाचीने तो पहिल्या दिवशी बेसिनवरच्या कपात ठेवला होता. माझे मेहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणत होते, "ही नवीन टूथपेस्ट कोणती आणलीय? दातांखाली कचकच लागते!"