वाट पाहण्याचा रकाना

औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी, म्हणजे एमआर मंडळींसाठी, टॅबलेटवर चालणारी ॲप तयार करणं हा माझा बेंगळुरूतला व्यवसाय. २०१० साली आयपॅड बाजारात आला आणि पुढच्या काही वर्षांत एमआरच्या बॅगेतलं जाडजूड ‘व्हिज्युअल एड’ पडद्यावर गेलं.

अशा ॲपचा कस लागतो तो रेंज नसताना. म्हणून भेटीची नोंद आधी टॅबलेटमधल्याच एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये साठते आणि नेटवर्क मिळालं की सर्व्हरवर जाते. कुठल्या पानावर डॉक्टरांसमोर किती सेकंद गेले, हेही ॲप टिपतं.

एका कंपनीला याहून जास्त हवं होतं: प्रतिनिधी कुठे आहे, दर पाच मिनिटांनी. करायला अवघड काहीच नव्हतं. चाचणीच्या वेळी एक एमआर मला म्हणाले, “सर, डॉक्टर दोन तास बाहेर बसवतात आणि दोन मिनिटं भेटतात. त्या दोन तासांना तुमच्याकडे रकाना आहे का? नाहीतर नकाशावर मी नुसता बसलेलाच दिसणार.”

त्यांचं म्हणणं मी बैठकीत मांडलं. बरीच घासाघीस झाली. पाच मिनिटांची अट कायम राहिली. मात्र वाट पाहण्याचा रकाना आला आणि संध्याकाळी सातनंतर ठिकाण टिपणं बंद झालं. प्रोग्रॅममध्ये हा बदल अगदी किरकोळ. पण सातनंतर तो माणूस कुठे जातो, हे आता फक्त त्यालाच ठाऊक असतं.