लंडन ते पॅरिस : आमच्या तिकिटांचा हिशेब

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेलेली आमची थोरली मुलगी लंडनमध्ये एम.एस्सी. झाली. पदवीदान समारंभ २०२५ च्या डिसेंबरात होता. "आई-पप्पा, दोघांनी यायचंच," असा तिचा फोन आला. मी कारखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. फंडातून घराची दुरुस्ती करून उरलेले पैसे बँकेत होते. लंडनला जाण्याविषयी घरात दुमत नव्हते. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले, तेव्हापासून ते पाहायचे मनात होते. वाद निघाला तो पॅरिसवरून.

"एवढ्या लांब चाललोच आहोत तर तो लोखंडी मनोराही बघू," सौ. म्हणाली. मी विचारले, तिथे आपले कोण आहे? "तेच तर! आजवर गेलो ते लग्नाला, मयताला, नाहीतर दवाखान्यात. दीक्षाभूमी, चैत्यभूमी सोडली तर नुसतं बघायला म्हणून मला कुठं नेलंत?"

पस्तीस वर्षांच्या संसारात याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पॅरिस ठरले. मात्र या दोन शहरांमधला प्रवास ठरवताना माझ्या हातून एक चूक झाली. आपल्यापैकी कुणाची मुले तिकडे शिकत असतील तर त्यांच्या आईवडिलांकडून ती होऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

आधी व्हिसा. लंडन-पॅरिस हे अंतर मुंबई-नागपूरपेक्षा कितीतरी कमी, पण व्हिसे दोन लागतात. ब्रिटनचा वेगळा आणि फ्रान्सचा वेगळा. फ्रान्सचा तो शेंगेन व्हिसा. त्यावर २९ देश फिरता येतात, पण ब्रिटन त्यात नाही. शेंगेनची फी मोठ्या माणसाला ९० युरो, म्हणजे आम्हा दोघांचे १८० युरो. त्या वेळच्या भावाने ते जवळपास एकोणीस हजार रुपये झाले. वर केंद्राचा सेवाशुल्क आणि ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. व्हिसा नाकारला तर फी परत नाही. मुलीचा ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही, तेव्हा तिलाही लंडनमधून वेगळा अर्ज करावा लागला. पासपोर्ट एका वेळी एकाच कचेरीत अडकतो, हेही ध्यानात ठेवावे. शेंगेनचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, ब्रिटनचा तीन महिन्यांपासून. आम्ही म्हणून शेंगेन आधी उरकला.

आता माझी चूक. एजंटाने मुंबई-लंडन-मुंबई असे जाण्यायेण्याचे स्वस्त तिकीट दाखवले आणि मी लगेच पैसे भरले. जाताना मुंबई-लंडन आणि येताना पॅरिस-मुंबई असेही एकाच तिकिटात मिळते, त्याला मल्टी-सिटी म्हणतात. ते सात हजारांनी महाग म्हणून मी नको म्हणालो. पुढे पॅरिसहून पुन्हा लंडनला यावे लागणार, हे डोक्यातच आले नाही. तिघांच्या परतीच्या भाड्यात ते सात हजार तर गेलेच, वर आणखी गेले. मुलीला लंडनला परतायचेच होते. आम्हा दोघांचा हेलपाटा मात्र फुकटचा.

लंडनहून पॅरिसला जायला विमान, बस आणि रेल्वे. विमानाचे तिकीट कधी कधी सर्वांत स्वस्त दिसते, पण त्यात पुष्कळदा मोठी बॅग धरलेली नसते. शिवाय २०२५ साली पॅरिसच्या विमानतळावरून शहरात यायला माणशी १३ युरो पडत होते. तिघांचे ३९ युरो, म्हणजे चार हजार रुपये नुसते गावात शिरायला! लंडनच्या बाजूचा खर्च वेगळाच. विमान बाद केले.

जाताना बस घेतली, रात्रीची. रेल्वेच्या निम्म्याहून कमी भाडे आणि एका रात्रीची खोली वाचते, हा माझा हिशेब. व्हिक्टोरिया कोच स्टेशनवरून बस सुटली. आता झोपू म्हणेपर्यंत डोव्हर बंदर आले. तिथे फ्रान्सचे पोलीस इंग्लंडच्याच भूमीवर पासपोर्ट तपासतात. सगळ्यांनी उतरायचे, रांग लावायची, परत चढायचे. मग बस बोटीत शिरली. बोटीत बसमध्ये बसून राहता येत नाही, जिने चढून वर जावे लागते. दीड तासाचा समुद्र. सौ.ला संधिवात आहे. रात्री दोन वाजता कठडा धरून एकेक पायरी चढताना ती काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागले. सकाळी पॅरिसला उतरलो तर अजून अंधार. तिथे डिसेंबरात सूर्य साडेआठनंतर उगवतो. हॉटेलची खोली दुपारी मिळणार होती. वाचवलेली रात्र अशी हॉटेलच्या बाकड्यावर बसून गेली. वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी बसने खुशाल जावे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीत बसवू नये.

पॅरिसमध्ये दोन दिवस होतो. मनोऱ्यावर चढलो नाही, खालून पाहायला पैसे पडत नाहीत. लूव्हर संग्रहालय मंगळवारी बंद असते, तेव्हा वार बघून जावे. त्याचे तिकीट आम्ही गेलो तेव्हा २२ युरो होते. २०२६ च्या जानेवारीपासून आपल्यासारख्या युरोपबाहेरच्यांना ३२ केले आहे. पाहुण्याकडून जास्त घ्यायचे ही रीत मला काही पटली नाही. जेवणाची मात्र सोय झाली. गार दु नोर स्टेशनजवळ ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची हॉटेले आहेत, तिथे डोसा मिळतो. घरची शेंगदाण्याची चटणी होतीच. दुधाचे वा मटणाचे पदार्थ मात्र नेऊ नयेत, सीमेवर काढून घेतात.

परतीचे रेल्वेचे तिकीट मुलीने दोन महिने आधी, मधल्या वारचे काढले होते. गाडी तीच, पण स्वस्त जागा आधी संपतात आणि उशिरा येणाऱ्याला दुपटीतिपटीने पडते. या गाडीत दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली फुकट नेता येते, वजन कुणी करत नाही. मात्र पासपोर्ट तपासणी स्टेशनातच होते, म्हणून दीड-दोन तास आधी जावे. युरोपच्या सीमेवर २०२५ च्या ऑक्टोबरपासून बोटांचे ठसे आणि फोटो घेऊ लागले आहेत, त्यालाही वेळ लागतो.

सव्वादोन-अडीच तासांत गाडी लंडनच्या सेंट पँक्रसला पोचते. तिथूनच ग्रेज इन रोड निघतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला बाबासाहेब बॅरिस्टर झाले ते ग्रेज इन, मुलगी दाखवणार होती. सौ. खिडकीला बसली होती. मधेच वीस मिनिटे बाहेर मिट्ट काळोख, मग पुन्हा हिरवी शेते.

"समुद्र कधी यायचा गं?" तिने लेकीला विचारले.

"आई, गेला की! आपण त्याच्या खालून आलो."

"आणि मला उठवलं नाहीस?"

"तू जागीच होतीस."

त्यावर ती इतकी हसली की समोरची गोरी बाईही हसायला लागली.