चाकांवरचे बिऱ्हाड

अमेरिकेत म्हणे नवराबायको मोटारीतच शेगडी-बिछाना मांडतात आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातून दिवसचे दिवस भटकतात. तिथे रस्ता सुतासारखा सरळ, आणि माणूस औषधाला नाही. आम्ही दोघांनी तोच बेत सिंधुदुर्गात केला. रस्ता कुठेच सरळ लागला नाही, आणि माणसांनी तर आम्हाला घटकाभरही एकटे सोडले नाही!

जुनी व्हॅन होती. सुताराकडून आत फळ्यांचा पलंग करून घेतला; पलंगाखाली पाण्याची दोन पिंपे, मागच्या दाराशी गॅसची शेगडी. सौ.ने पाटा-वरवंटा घरी ठेवला, एवढीच काय ती सवलत. तिच्या पिशवीत एक पत्रही होते. आचऱ्याचे माहेरचे घर विकायचे, सही हवी, असे चुलतभावांनी लिहिले होते. त्या पत्राबद्दल बोलायचे दोघेही टाळत होतो.

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीवरून शिरोड्याला पोचलो. १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ते हे गाव, वि. स. खांडेकर तेव्हा इथल्याच शाळेत मास्तर होते. मुक्काम टाकतो न टाकतो तोच बॅटरीचा झोत अंगावर आला. "तुमी खंयचे?" मी पुण्याचे म्हणून सांगितले. त्याने काही भागले नाही. तेव्हा सौ. म्हणाली, "मी आचऱ्याची माहेरवाशीण." झाले! पाच मिनिटांत आमची गाडी त्यांच्या अंगणात आणि आम्ही त्यांच्या ओटीवर. गाडी मात्र माडाखालून काढायला लावली. नारळ काही विचारून पडत नाही!

वेंगुर्ल्यापुढे भोगवे. तिथून कर्लीच्या खाडीपलीकडे देवबागचे टोक हाकेच्या अंतरावर दिसते. होडीचा माणूस तेवढ्यात पार होईल. मोटारीला परुळ्यावरून वर चढून, पूल ओलांडून, मालवणकडून पुन्हा खाली यावे लागते. या किनाऱ्यावर प्रत्येक खाडी अशीच पाहुण्याला गावागावांतून फिरवून आणते. देवबाग म्हणजे एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात समुद्र अंगणापर्यंत येतो, आणि तरी माणसे तिथेच घर धरून आहेत. सौ. त्या घरांकडे बराच वेळ बघत राहिली.

मालवणला होडीने सिंधुदुर्गावर गेलो. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळ आत आहे, आणि भर समुद्रात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी! पिंपे भरायला दारोदार हिंडणाऱ्या आम्हाला त्यांचा हेवाच वाटला.

पाचव्या दिवशी आचरे. वाटेत सौ. आपणहून गावपळणीबद्दल बोलू लागली. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला, की सारे गाव गुरेढोरे, कोंबड्याकुत्री घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहायला जाते. मागे गावात चिटपाखरू नसते. लहानपणी झोपडीत काढलेल्या त्या तीन रात्री तिला जशाच्या तशा आठवत होत्या: आजीने मांडलेली तीन दगडांची चूल, दावणीऐवजी माडाला बांधलेली गाय. व्हॅनमध्ये ती पहिल्या दिवसापासून इतकी सरावल्यासारखी का वावरत होती, ते मला तेव्हा कळले.

घर बंद होते. किल्ली शेजारच्या काकींकडे. कौले सरकली होती, माजघरात ओल आली होती. तुळशीवृंदावनात मात्र काकींनी रोप जगवले होते. सौ.ने विहिरीतून कळशीभर पाणी शेंदून तुळशीला घातले आणि विचारले,

"काकी, पुढची पळण कधी?"

"देवाक म्हायत गो."

"ठरली की कळवा. पण घरातून निघायचं, तर आधी घर हवं ना!"

त्या रात्री व्हॅन अंगणात रिकामी उभी होती. आम्ही पडवीत चटई टाकली. सौ.ने बॅटरीच्या उजेडात चुलतभावांना उत्तर लिहिले. कौलांचा आणि सुताराचा खर्च किती येईल, एवढे तिने मला मधेच विचारले.