धरणाखालची कोरडी बाग

मराठवाड्यात वाढलेल्या माझ्या पिढीला शाळेची सहल म्हटली की पैठण. एसटीचा लाल डबा, दशमी-चटणीची शिदोरी, सकाळी संत एकनाथांची समाधी, दुपारी जायकवाडी धरणाची भिंत आणि दिवेलागणीला संत ज्ञानेश्वर उद्यान. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर फुलवलेल्या या बागेचं आम्हाला खरं नवल वाटायचं ते फुलांचं नव्हे, पाण्याचं. ज्या मुलखात हंड्यांच्या रांगेवरून भांडणं जुंपतात, तिथे पाणी गाण्याच्या तालावर नाचायचं, रंग बदलायचं. वाऱ्यासरशी तुषार अंगावर आले की म्हाताऱ्या बायाही मागे सरायच्या नाहीत. टंचाईत जगणाऱ्या माणसांच्या वाट्याला तेवढी एक संध्याकाळ चैनीची यायची.

मध्यंतरी पुन्हा जाणं झालं, तेव्हा कारंज्याचा हौद कोरडा होता. तळाच्या भेगांतून गाजरगवत वर आलं होतं. निळ्या रंगाचे पोपडे सुटले होते आणि गंजलेल्या एका तोटीतून मुंग्यांची रांग ये-जा करत होती.

असं का झालं, म्हणून विचारलं की लोक दुष्काळाकडे बोट दाखवतात. 2012-13 मध्ये नाथसागराने, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाने, तळ गाठला होता हे खरं. माणसांनाच पाणी नाही, तिथे हिरवळीला कुठून येणार? पण 2019 पासून लागोपाठ काही वर्षं धरण भरलं, दरवाजे उघडावे लागले, गोदावरी दुथडी भरून वाहिली. तरीही धरणाच्या पायथ्याशी असलेल्या बागेची कळा काही पालटली नाही. तुटवडा पाण्याचा नव्हताच. पाणी घालणाऱ्या हातांचा होता.

1976 मध्ये लोकार्पण झालेल्या धरणाला 27 दरवाजे आहेत. त्यांच्याकडे काणाडोळा करून चालत नाही. 2006 चा पूर पैठणने अंगावर घेतलेला आहे, त्यामुळे दरवाजांचं तेलपाणी वेळच्या वेळी करावंच लागतं. बागेची अशी धास्ती कुणालाच नाही. गुलाबाचा वाफा वाळला म्हणून गाव बुडत नाही, कुणाला जाब द्यावा लागत नाही. मग पैसे कमी पडले की पहिली कात्री बागेलाच लागते. एक माळी निवृत्त होतो, त्याची जागा रिकामी राहते. मोटार जळते, दुरुस्तीचा कागद टेबलांवरून फिरत राहतो. तोवर हिरवळ गेलेली असते.

बाग उजाड झाल्याची ओरड वाढली की पुनरुज्जीवनाची घोषणा होते. आराखडा येतो, कोटींचे आकडे येतात. पण धरण एकदा बांधून होतं. बाग रोज राखावी लागते. खुरपणी, छाटणी, पाण्याची पाळी यांचं उद्घाटन होत नाही, म्हणून त्यांच्यासाठी तरतूदही होत नाही.

तेव्हा पुढच्या आराखड्यात संगीत कारंज्याचा खर्च मांडण्याआधी कायमचे माळी किती नेमणार, तेवढं सांगा. ते सांगता येत नसेल, तर कोनशिलेचाही खर्च करू नका.