परसातली धायटी

नागपूर-बल्लारशा मार्गावरच्या भांदक स्थानकावर उतरलो, तेव्हा फाल्गुनातले ऊन तापू लागले होते. गावाचे नाव भद्रावती, स्थानकाची पाटी मात्र अजून भांदक. सोबत माझी बारा वर्षांची मुलगी होती. आमच्याकडे तीर्थाला निघायचे म्हणजे सारे घर निघते. या वेळी आम्ही दोघेच निघालो, कारण घरात अबोला होता.

त्याचे कारण ऐकून काहींना हसू येईल. मार्गशीर्षात आमचा मोती गेला. दुकानाच्या पायरीवर चौदा वर्षे बसलेला साधा गावठी कुत्रा. सूर्यास्तानंतर आमची चूल पेटत नाही, त्यामुळे त्यालाही जन्मभर सक्तीचा चौविहार घडला. त्याला आम्ही परसात पुरले. मुलीने हट्ट धरला की तिथे संगमरवरी पाटी हवी, तीवर नाव, तारीख आणि छायाचित्र हवे, भोवती फुलझाडे हवीत. माझी आई नित्य सामायिक करणारी. ती म्हणाली, "जीव गेला तो पापणी लवायच्या आत दुसऱ्या गतीला लागला. आता दगड मांडून कुणाला बोलावता?" वर तिने नंद मणियाराची कथा ऐकवली. राजगृहीच्या त्या धनाढ्याने वाटसरूंसाठी वाव बांधली, भोवती उद्याने फुलवली. पण मरतेवेळी मन त्या वावेतच गुंतले, म्हणून तिथेच बेडूक होऊन जन्मला. "बाग करा, पण बेडूक व्हायची तयारी ठेवा," असे ती म्हणाली आणि त्या दिवसापासून आजी-नातीचे बोलणे थांबले.

आईचे म्हणणे शास्त्राला सोडून नव्हते. इष्टवियोगाचे दुःख उगाळत बसणे हे आर्तध्यानच. आपल्याकडे मृताच्या नावाने दिलेले काही त्याच्यापर्यंत पोहोचते असे मानत नाहीत. परंतु बारा वर्षांच्या मुलीचे रडणे शास्त्राने थांबत नाही, हेही तितकेच खरे.

भद्रावतीचे केसरिया पार्श्वनाथ 'स्वप्नदेव' म्हणून ओळखले जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाच्या एका सेवकाला स्वप्नात नागाने या स्थानाची वाट दाखवली, अशी परंपरा आहे. जंगलाने वेढलेले विस्मृत तीर्थ त्यानंतर पुन्हा उभे राहिले. मूर्तीवरच्या नागफणांकडे मुलगी बराच वेळ पाहत होती. कमठ तापसाच्या धुनीतले लाकूड पार्श्वकुमाराने फोडवले, आत होरपळलेला नाग निघाला, त्याच्या कानी नवकार पडला आणि तोच पुढे धरणेंद्र झाला, ही कथा तिला पाठशाळेत शिकवलेली होती. तिने हळूच विचारले, "बाबा, त्या नागाला पुरलं कुठे?"

मी निरुत्तर झालो. कथेत ते नाही. अखेरचा क्षण कसा गेला हे कथाकारांनी जपून ठेवले; देह कुठे गेला हे सांगावेसे त्यांना वाटले नाही. तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली, जी इतके दिवस सांगायची राहिली होती. मोती गेला त्या रात्री ती झोपली होती. तिची आजी, ज्या आजीने त्याला कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही, ती पहाटेपर्यंत पायरीवर बसून त्याच्या कानाशी नवकार म्हणत होती. मुलगी काही बोलली नाही. देवळाच्या आवारात मात्र ती माझा हात धरून चालली.

दुपारी गाव पाहिले. विजासनच्या टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी आणि भद्रनागाचे मंदिर ही दोन्ही ठिकाणे आपल्या यात्रेकरूंनी आवर्जून पाहावीत. एवढ्याशा गावात नाग किती रूपांनी नांदतो याचे नवल वाटते. इथेच राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४, म्हणजे इ.स. ७७२ चा ताम्रपट मिळाला. ते वाचताना मला त्याच घराण्यातल्या तिसऱ्या कृष्णाच्या काळचा एक शिलालेख आठवला. कर्नाटकात मंड्याजवळ आतकूर येथे दहाव्या शतकाच्या मध्यास 'काळी' नावाच्या कुत्र्यासाठी दगड उभारला गेला. गंग राजा बूतुग याच्याकडून मणलेर नावाच्या वीराने हा कुत्रा मागून घेतला होता. एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना दोघेही मेले. मणलेराने दगड उभारून त्याच्या पूजेसाठी जमीन दिली आणि पूजा केल्यावाचून पुजाऱ्याने जेवू नये असे बंधन घातले. आपल्या साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावर शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने शिकारीत वाघापासून धन्याला वाचवले, असे सांगतात.

हे सारे ऐकून मुलगी खूश झाली. मला मात्र अडचण वाटली. ही स्मारके शौर्याची आहेत, आणि ते शौर्य शिकारीतले. आमच्या मोतीने आयुष्यात एका पोस्टमनखेरीज कुणाला घाबरवले नाही, आणि तो पोस्टमनही नंतर त्याला बिस्किटे देऊ लागला. केवळ सोबत केल्याबद्दल कुणाचे स्मारक करावे काय, आणि केले तर ते कसे दिसावे, याचे उत्तर मला शिलालेखांत सापडेना.

ते सापडले आत्याबाईंच्या परसात. त्यांचे घर जुन्या वस्तीत आहे. पुढे धान्याचे दुकान, मागे लांबट परस, विहीर आणि कुंपणाला लागून एक ओळ. त्या ओळीत चाळीस वर्षांतली घरातली जनावरे आहेत: एक गाय, तीन कुत्री आणि मांजर एक. नावाची पाटी कुठेही नाही. जागोजागी झुडपे आहेत आणि फाल्गुन असल्याने ती लाल नळीसारख्या फुलांनी पेटल्यासारखी दिसत होती. ती धायटी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माळरानांवर आणि जंगलाच्या कडेने ती आपसूक उगवते. श्वेतांबर परंपरेत पार्श्वनाथांचा चैत्यवृक्ष धातकी सांगितला आहे. धातकी म्हणजे हीच धायटी. आत्याबाईंनी ती त्यासाठी लावली, आणि पाणी फार मागत नाही म्हणूनही. इथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. मोगरा-गुलाबाचे लाड कोण पुरवणार?

"आत्या, तुम्हाला हा मोह वाटत नाही?" मी विचारले.

"वाटतो ना," त्या म्हणाल्या. "पण नंद मणियाराची अर्धीच गोष्ट सांगते तुझी आई. त्या बेडकाला पुढं मागचा जन्म आठवला, त्यानं व्रतं घेतली, महावीरांच्या दर्शनाला निघाला. वाटेत घोड्याच्या पायाखाली आला तरी देव झाला. वाव बांधली हे चुकलं नाही रे. माझी म्हणाला, ते चुकलं."

मग त्यांनी मुलीला शेजारी बसवून घेऊन व्यवहार सांगितला, आणि तो मला तत्त्वज्ञानापेक्षा अधिक उपयोगी वाटला. खड्डा विहिरीपासून जितका लांब नेता येईल तितका न्यावा आणि कुत्र्यासाठी निदान कमरेइतका खोल घ्यावा, नाहीतर कोल्हे, रानडुकरे आणि गावातलीच कुत्री उकरतात. इथे जंगल दारात आहे. देह जुन्या सुती धोतरात गुंडाळावा. प्लास्टिक किंवा नायलॉनचे काही घालू नये. पुष्कळ लोक पोतेभर मीठ ओततात. त्या जागी मग झाड धरत नाही. डॉक्टरांनी अखेरचे इंजेक्शन दिले असेल तर ते औषध देहात राहते आणि तो देह उकरून खाणारे जनावरही मरते. अशा वेळी खोलीत मुळीच कसर करू नये. पिसाळल्याचा संशय असेल तर घरच्यांनी हात न लावता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.

झाडाची घाई करू नये, यावर त्यांचा भर होता. माती एक पावसाळा खचते, भर घालावी लागते. मुळे धरण्याआधी झाड लावले तर ते कलते. पुढच्या वर्षी खड्डा वैशाखात खणावा, जमीन कोरडी आणि जीवजंतू कमी असताना, आणि रोप पहिल्या पावसावर लावावे. चातुर्मासात कुदळ मारू नये हे आपण व्रत म्हणून पाळतो. बागेलाही ते सोयीचेच पडते. कण्हेर टाळावी, तिचा पाला गुराढोरांना विषारी. उंबर लावला तर पाखरे येतील खरी, पण भिंत जाईल.

सदनिकेत राहणाऱ्या वाचकांना परस कुठला, हे मला ठाऊक आहे. मुंबईत मालाडला महापालिकेने २०२३ मध्ये पाळीव प्राण्यांसाठी दहनाची सोय केली आहे. अशी राख थोडीशीच, भरपूर मातीत मिसळून मोठ्या कुंडीत घालता येते.

आत्याबाईंच्या प्रत्येक झुडपापाशी मातीचे एक पसरट भांडे होते, पाखरांच्या पाण्याचे. भद्रावतीच्या मातीकामाला ग्रामोदय संघाने नाव मिळवून दिले. ही भांडीही इथल्याच मातीची. पाणी रोज सकाळी गाळून भरायचे आणि रोज बदलायचे, कारण दोन-चार दिवस साचले की डासांच्या अळ्या होतात, आणि मग त्या ओतताना जीव जातात. मुलीने विचारले, "आजी, रोज? गावाला गेलात तर?" आत्याबाई म्हणाल्या, "म्हणून तर गावाला जाणं कमी झालं माझं." हे मोहाचे लक्षण की त्यागाचे, ते मी विचारले नाही.

परतताना पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेले धायटीचे रोप आणि एक भांडे घेऊन आम्ही भांदकला गाडीत बसलो. भाजण्याआधी भांड्यावर नाव कोरून मिळेल, असे कुंभाराने सांगितले होते. मुलीने थोडा विचार करून नको म्हटले. घरी पोचलो तेव्हा आई सामायिकातून उठत होती. मुलीने भांडे तिच्यापुढे ठेवले. आईने ते उलटसुलट करून पाहिले, बोट फिरवून कुठे चीर आहे का ते तपासले.

"गाळणं कुठलं वापरशील?" तिने नातीला विचारले. "ते स्वयंपाकघरातलं नको. थांब, दुहेरी कापडाचं काढून देते."

रोप सध्या कुंडीत आहे. मोतीच्या जागेवरची माती एक वीत खचली आहे. पावसाळ्यानंतर आणखी खचेल.