चलथाणचा ऊस, हायवे आणि अण्णांची जीप

नंदुरबारहून सुरतेकडे निघालं की नवापूरला आपलं राज्य संपतं, आपली माणसं मात्र संपत नाहीत. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. पुढे उकाई-सोनगढ, व्यारा, बारडोली अशी स्टेशनं घेत गाडी उधन्याच्या अलीकडे चलथाणला येते. सुरतेला कामधंद्यासाठी जाणारे आपले खान्देशी लोक इथे सहसा खिडकीबाहेर पाहत नाहीत. त्यांचं लक्ष पुढच्या उधना-लिंबायतकडे असतं. मला मात्र इथेच उतरायचं असतं, कारण माझी सासुरवाडी चलथाणची.

चलथाणची ओळख दोन गोष्टींनी होते. एक तिथला सहकारी साखर कारखाना आणि दुसरा मुंबई-अहमदाबाद हायवे, जो पूर्वी 8 नंबरचा होता आणि आता 48 नंबरचा आहे. जवळच कडोदऱ्याची चोकडी, तिथून बारडोलीचा रस्ता फुटतो. थंडीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस ये-जा करतात आणि हवेत मळीचा आंबूस वास भरून राहतो. दक्षिण गुजरातच्या या उसात कोयता चालवायला डांगमधून, आपल्या नंदुरबार-धुळ्याकडून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. एवढी वाहनं म्हटल्यावर गॅरेजं आलीच. कुठे पाटे बदलतात, कुठे लायनर रिव्हेट करतात. मिस्त्री गुजरातीत बोलतो, हाताखालचा पोरगा अहिराणीत उत्तर देतो आणि काम कुठे अडत नाही.

अशाच एका गॅरेजात गेल्या हंगामात आमच्या घरात बरेच दिवस चाललेल्या वादाचा निकाल लागला. वाद होता सासऱ्यांच्या म्हणजे अण्णांच्या 1968 सालच्या पेट्रोल जीपचा. 1945 मध्ये लुधियानात सुरू झालेल्या महिंद्र कंपनीने अमेरिकेच्या विलिस जीपा आपल्याकडे आणल्या, त्यातलंच हे उंच बॉनेटचं मॉडेल. अण्णांनी तिच्यातून खत नेलं, पाव्हणे नेले, लेकीची वरातही नेली. आता ती जीप नातीला, म्हणजे माझ्या भाचीला चालवायची आहे. शेतावर तर नेईनच, पण कोंडाईबारीचा घाट उतरून-चढून साक्रीच्या आत्याकडेही नेईन, असा तिचा हट्ट.

मूळ गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पाणी भरलेल्या उसाच्या वाटेवरून बाहेर पडलं की लायनर ओले होतात आणि दोन-चार वेळा ब्रेक दाबून ते सुकवल्याशिवाय गाडी धड थांबत नाही. शिवाय जुन्या मास्टर सिलिंडरला एकच सर्किट, म्हणजे एखादा पाइप फुटला तर चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम आणि दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर, इथवर सगळे एकमत झाले. हँडब्रेक या जीपला चाकांवर नसून मागच्या शाफ्टवर असतो, त्यामुळे तो तसाच राहणार होता. मग मिस्त्रीने विचारलं, "पॉवरवाला की साधा?" आणि घरात दोन तट पडले.

वाचकहो, ड्रममधला लायनर चाकाच्या फिरण्याने स्वतःच आणखी आवळला जातो. डिस्कला ही आयती मदत नसते, तिचे पॅड पायाच्या जोरानेच आवळावे लागतात. तो जोर वाढवण्यासाठी बूस्टर लावतात. बूस्टर म्हणजे मध्ये पडदा असलेला पत्र्याचा डबा. इंजिन त्याच्यातली हवा ओढून घेतं आणि ब्रेक दाबला की बाहेरच्या हवेचा दाब पायाला मदत करतो. मेव्हणे म्हणाले, बूस्टर लावा, अण्णांच्या गुडघ्याला सोपं पडेल. म्हणणं रास्तच होतं.

पण मिस्त्रीने इंजिनाला व्हॅक्यूमचं मीटर लावलं. निरोगी पेट्रोल इंजिन आयडलला साधारण 18 ते 20 इंच पारा ओढतं, आमचं 14 वर थांबलं. (ज्यांनी जीपला डिझेल इंजिन बसवलंय त्यांना ही ओढ मिळतच नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो.) दुसरी अडचण जागेची. या जीपचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चेसिसला असतो. बूस्टरही तिथेच बसवायचा तर तो चिखल-पाण्याच्या तोंडीच जाणार.

तिसरी अडचण अण्णांच्या सवयीची. उतार लागला की चावी बंद करून गाडी नुसती सोडायची, ही पेट्रोल वाचवायची त्यांची जुनी रीत. इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरतीच मदत उरते. त्यानंतर काय होतं याचा हिशेब मी कागदावर मांडला. पॉवर ब्रेकचं पेडल साधारण 4 पटीने जोर वाढवतं आणि त्याचा मास्टर सिलिंडर इंचभर व्यासाचा असतो. साध्या ब्रेकला पेडल 6 पटीचं ठेवतात आणि सिलिंडर बारीक, पाऊण-एक इंचाच्या मधला म्हणजे 7/8 इंचाचा घेता येतो. बारीक पिचकारीला जोर कमी लागतो, तसंच हे. फक्त पेडल जरा खोल जातं. पायाने 30 किलो जोर दिला तर साध्या ब्रेकच्या तेलात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 46 किलोचा दाब तयार होतो. बूस्टर बंद पडलेल्या पॉवर ब्रेकमध्ये तेवढ्याच जोराला मिळतो फक्त 24 किलो. म्हणजे घाटात मदत सुटलेला पॉवर ब्रेक साध्या ब्रेकच्या निम्म्यावर येतो.

मग घरातला वजनकाटा भिंतीला टेकवून उभा केला आणि खुर्चीत बसून एकेकाने उजव्या पायाने तो दाबला. भाचीने 45 किलो दाखवले, अण्णांनी 30. जीप जेमतेम एक टनाची, त्यामुळे 45 किलोचा पाय तिला साध्या डिस्कवरही नीट थांबवतो. अण्णांचा 30 किलोचा पाय शेताच्या वाटेला पुरेसा होता, हायवेला आणि घाटाला नव्हता. बूस्टर लावला तर अण्णांना हायवे मिळणार होता, पण चावी कधीही बंद न करण्याच्या अटीवर. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. अण्णा काट्याकडे पाहत म्हणाले, "पन्नास वरीसनी सवय शे, ती काय आते सुटाव नही." आणि जीपची चावी त्यांनी नातीच्या हातात दिली.

साधा ब्रेक बसला. मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली असल्याने तेल मागे उतरू नये म्हणून डिस्कच्या लाइनला 2 पौंडांचा प्रेशर व्हॉल्व्ह घातला, आणि मागची चाकं आधी जाम होऊ नयेत म्हणून मागच्या ड्रमकडे जाणारा दाब आवरणारा व्हॉल्व्हही. कोणाला असं काम करायचं असेल तर आधी आरटीओत विचारून घ्यावं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आले, पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. आम्हाला तर ती रोज हवी होती.

आता अण्णा शेताच्या वाटेवर जीप चालवतात, तीही दुसऱ्या गिअरमध्ये. फाटकाशी आले की उतरतात, स्टेअरिंग नातीकडे जातं आणि अण्णा शेजारच्या सीटवर बसतात. पहिले काही दिवस त्यांचा उजवा पाय तिथेही पत्रा दाबत असे.